तेल पाजलेला दिलरुबा

माझ्या सासऱ्यांचा आवाज सगळ्या गावाने ऐकला होता, फक्त मी ऐकला नव्हता. लग्न होऊन शेवगावजवळच्या त्या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. विहिरीवर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर, जिला तिला हेच सांगायचं असायचं. "तुजा सासरा गायला लागला की यष्टीचा डायव्हर गाडी बंद करून बसायचा," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "लई ग्वाड गळा हुता बाई. तुज्या नशिबात न्हाई." मला राग यायचा. माझं नशीब काढणाऱ्या ह्या कोण? पण बोलणं खोटं नव्हतं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मामंजींच्या घशात गाठ निघाली, पुण्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली नुसती फुसफुस, तीही कानाशी तोंड आणलं तरच कळणारी. त्या काळी सुनेने सासऱ्याच्या समोरसुद्धा उभं राहायची पद्धत नव्हती, मग कानाशी कुठली? ते ओसरीवर, मी चुलीपुढे आणि मधे भिंत. मला काही सांगायचं असलं की ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खुणावत आणि आत्याबाई ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत. आवाजाची वाटणी करताना देवाने त्या घरात जरा गडबडच केली होती.

मामंजी गावच्या भजनाचे बुवा होते. दर एकादशीला दिवेलागणीला मारुतीच्या देवळात भजन व्हायचं आणि पहिला अभंग त्यांचाच असायचा. ऑपरेशननंतर ते देवळाकडे फिरकले नाहीत. टाळ वाजायला लागले की उठायचे आणि बैलांना वैरण टाकायच्या निमित्ताने मळ्यात जायचे, बैलांपुढे वैरण पडलेली असली तरी. ताटातली भाकरी अर्धी उरायची. "पीक बरं हाय, विहिरीला पानी हाय, आन् मानूस आतनं वाळत चाललंय," आत्याबाई मला म्हणाल्या. हे दुष्काळाच्या आदल्या वर्षातलं. एवढं बोलताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला होता, म्हणून मी घाबरले.

त्या भजनात दिलरुब्याची साथ करायला एक म्हातारे मास्तर शेवगावहून येत. त्यांचे हात कापायला लागले आणि मुलाकडे नाशिकला राहायला जायचं ठरलं. जाण्याआधी ते आमच्याकडे आले, ओसरीवर बसले आणि दिलरुबा मामंजींच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "बुवा, गळा गेला. बोटं तर आहेत ना?" मी दाराच्या फटीतून बघत होते. कातड्याने मढवलेलं पोट, वर लांब दांडी, दांडीवर पितळी पडदे आणि वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची आणखी एक ओळ. घोड्याच्या केसांचा एक गज होता, तो तारेवरून ओढायचा. वाद्य कसं धरायचं, तारा कशा लावायच्या, सा कुठे आणि प कुठे, एवढं मास्तरांनी दोन दिवस बसून दाखवलं आणि ते गेले. दिलरुबा वाजवणारं पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं. साठीला टेकलेला आमचा नवशिक्या गुरूविना उरला.

आता शेतकऱ्याच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी तेल पिते. गाडीचा आख पितो, मोटेचं चाक पितं, आसूड पितो, दाराची बिजागरी पिते. मामंजींना गजाचे केस हाताला कोरडे, खरखरीत लागले. त्यांनी मोठ्या मायेने वाटीभर करडईचं तेल घेतलं, केसांना बोटाने चोळलं आणि गज रात्रभर खुंटीला टांगून ठेवला. सकाळी मांडी घालून बसले आणि गज ओढला. तो तारेवरून सुळकन गेला. आवाजच नाही. पुन्हा ओढला, दाबून ओढला, तरी नाही.

"घ्या! ह्याची बी वाचा बसली," आत्याबाई अंगणातून म्हणाल्या. त्या थट्टेनेच म्हणाल्या, पण मामंजींचा चेहरा बघून त्यांनी हातातला खराटा खाली ठेवला. मला तर चुलीपुढे रडू आलं.

मग मला आठवलं. माझं माहेर कोपरगावकडचं. तिथे साखर कारखान्याच्या गणपतीत नाटकं व्हायची आणि त्यात फिडल वाजवणारा एक जण दर अंकाआधी गजाला पिवळट खडा घासायचा. मी लहानपणी त्याला विचारलंही होतं. राळ होती ती. केस खरखरीत झाले तरच तार धरतात, असं त्याने सांगितलं होतं. हे मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं आणि आत्याबाईंनी ओसरीवर जाहीर केलं, "ती म्हनती, त्याल न्हाई लावायचं. राळ लावायची! केस खरखरीतच पायजेल!" मामंजींनी कपाळाला हात लावला.

पण आत्याबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. केसांचं तेल काढायला आता त्यांना कोण शिकवणार? त्यांनी पाणी तापवलं, शिकेकाई कढवली, रिठे फेसले आणि लेकीला न्हाऊ घालावं तसं न्हाणीत बसून त्या गजाला न्हाऊ घातलं. वर उन्हात वाळत ठेवला. दुपारी बघतो तर केस झाडूसारखे पिंजारलेले आणि टोकाची खळ सुटलेली. मामंजींनी गज उचलला तेव्हा केसांचा झुपकाच खाली पडला. आत्याबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प होत्या.

पुढच्या बाजाराला आमचे हे घोडेगावला बैल बघायला निघाले, तेव्हा मामंजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. हे हसत हसत गेले. बाजारात बैलाचा सौदा काही जुळला नाही, पण एका टांगेवाल्याचा पांढरा घोडा दिसला. शेपटीचे केस मागितल्यावर टांगेवाल्याला वाटलं, हा माणूस कुणावर तरी करणी करायला निघालाय. ह्यांनी देवाच्या आणभाका घेतल्या, वडिलांचं भजन सांगितलं, घशाचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा कुठे त्याने कात्री दिली. संध्याकाळी उपरण्याच्या गाठीतून केस बाहेर निघाले. "लोकं बाजारातनं बैल आनत्यात, माज्या लेकानं श्यापूट आनलं," आत्याबाई म्हणाल्या, आणि फणी आणून तो झुपका त्यांनीच विंचरून दिला.

मामंजींनी केस ताणून बांधले, शेवगावच्या दुकानातून आणलेली राळ घासली आणि गज ओढला. असा काही चिरका आवाज निघाला की धार काढू देत असलेली म्हैस उसळली आणि लाथेने चरवीतलं दूध अंगणभर. सगळे हसायला लागले. मामंजीही हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मळ्यातून आले की हातपाय धुऊन ते बसायचे. मी आजवर पुष्कळ लोकांना काही ना काही शिकताना पाहिलं, पण त्यांच्यासारखा विद्यार्थी पाहिला नाही. नवशिक्याला निदान आपली चूक ऐकू येत नाही, तेवढं सुख असतं. मामंजींचा कान बुवाचा आणि हात नांगर धरणारा. जाड, भेगाळलेली बोटं तारेवर नेमकी बसत नसत, आणि सूर तसूभर हलला तरी कडू काकडी खाल्ल्यासारखं तोंड करून ते थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून. तारेने बोटं कापली, त्यावर हळद लावून पुन्हा बसले. चिडचिड नाही, कुणावर खेकसणं नाही. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, असा धीर मला जन्मात जमणार नाही.

पण चूक झाली की थांबायचं, या सवयीपायी अभंगाची पहिली ओळ संपून दुसरी कधी येईचना. पहिलीच ओळ, रोज, मी भाकरी थापत असताना. माझा स्वभाव तसा तापटच. एका संध्याकाळी ती ओळ पुन्हा अडली आणि माझ्या तोंडून दुसरी ओळ निघाली, चांगली मोठ्याने. मी जीभ चावली. तव्यावरची भाकरी करपली. नवी सून सासऱ्याला वाकुल्या दाखवते म्हणतील, असं वाटलं.

आणि मग भिंतीपलीकडून दुसरी ओळ आली. अडखळत आली, पण आली, आणि माझ्या चालीत नाही. अभंग तोच, पण आमच्या कोपरगावकडची चाल वेगळी. मीही हट्टाने तिसरी ओळ माझ्याच चालीत म्हटली. त्यांनी ती त्यांच्या चालीत वाजवून दाखवली. असं चार-पाच दिवस चाललं, आणि हरले मी. त्यांच्या चालीत दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर वर चढायचा, तिथे जरा रेंगाळायचा आणि नाइलाज झाल्यासारखा हळूच खाली यायचा. गाणारे अशा खास वळणाला जागा म्हणतात. ती मला येत नव्हती. ते भिंतीपलीकडून पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, मला येईपर्यंत. मी गात राहिले म्हणून त्यांनाही चुकलं तरी थांबता येईना, पुढे यावंच लागे. महिन्या-दोन महिन्यांत अख्खा अभंग बसला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आत्याबाई काही ऐकूच येत नसल्यासारखं दाखवायच्या, पण त्या वेळेला शेजारणीशी हळू बोलायला लागल्या होत्या.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याच्या कीर्तनाआधी भजन होतं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी मामंजींनी दिलरुबा जुन्या धोतरात गुंडाळला आणि ते निघाले. देवळात जाजमाच्या अगदी कडेला बसले, मी आणि आत्याबाई बाजूला बायकांत. पखवाज वाजवणारे म्हातारे त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना कुणीतरी सांगितलं, "बुवा आल्यात." त्यांनी नुसता पखवाजावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

पहिली ओळ नीट गेली. टाळवाले टाळ हातात धरून ऐकत राहिले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, त्या जागेवर, बोट घसरलं आणि तार किंचाळली. पोरं हसली. मामंजी थांबले. मला वाटलं, पुन्हा पहिल्यापासून धरतील. पण त्यांनी गज खाली ठेवला आणि धोतर जवळ ओढून दिलरुबा गुंडाळायला घेतला. आज मामंजी उठले तर पुन्हा या जाजमावर यायचे नाहीत, हे मला कळलं. आत्याबाईंनाही कळलं. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "म्हन की," त्या म्हणाल्या, "घरी म्हनतीस तशी!"

मी पदर पुढे ओढला. भर सकाळी, सगळ्या गावापुढे, पुरुषांच्या भजनात, बायकांच्या घोळक्यातून मी दुसरी ओळ म्हटली. ती जागा मी पुरी घेतली. वर चढले, थांबले, हळूच उतरले. तिसरी ओळ सुरू केली तेव्हा मागोमाग गज आला. मग पखवाज आला, टाळ आले, आणि अभंग शेवटपर्यंत गेला. मामंजी दोनदा चुकले, पण थांबले नाहीत.

अभंग संपल्यावर पखवाजवाल्या म्हाताऱ्यांनी मान वळवली. "कोन म्हनलं गं ह्ये?"

"बुवाची सून," कुणीतरी सांगितलं.

"ती जागा बुवाची हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या गळ्यात म्या ती ऐकली न्हाई. पोरी, तू तर त्याचा गळा गेल्यावर आलीस. मंग कुनी शिकवली तुला?"

मी पदर आणखी पुढे ओढला. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कुनी म्हंजे? सासऱ्यानं! रोज सांजच्याला बोलत्यात की त्ये तिच्यासंगं."

मामंजींनी खाली मान घालून गजाला राळ घासली आणि पुढचा अभंग धरला.