ताटावर बसलेल्याला मारत नाहीत

ताई,

आयटीआय करून मी गाव सोडलं ती सकाळ तुला आठवत असेल. एसटी फाट्यावर यायची वेळ झालेली, आबा माझी बॅग घेऊन दारात ताटकळत उभे, आणि मी आपला भाकरीचा तुकडा चघळत बसलेलो. "ऊठ की रं, गाडी जाईल," माय म्हणाली. त्या दिवशी मार पडायचं काही कारण नव्हतं. तरी ताटावरून उठायची हिंमत होत नव्हती.

जेवणाऱ्यावर हात उचलायचा नाही, हा आबांचा नियम. निरगुडीचा फोक हातात असला तरी आपला शेवटचा घास गिळून होईपर्यंत ते थांबायचे. म्हणून आपण दोघं तासन्‌तास जेवायचो. माय सगळं ओळखून होती. "अजून अर्धी घे," म्हणत वाढत राहायची. पोट फुटायची वेळ यायची. आबा कधी कंटाळून रानात निघून जायचे, कधी नाही जायचे.

आता चाकणच्या कंपनीत मी सुपरवायझर आहे, आकुर्डीत घर आहे. कँटीनमध्ये मात्र अजून मीच सगळ्यांच्या शेवटी उठतो. "भाऊ, ब्रेक संपला, तुमचं जेवण संपंना," पोरं चिडवतात. मी हसून वेळ मारून नेतो. त्यांना काय सांगणार कपाळ?

माय गेल्यावर आबा आमच्याकडेच राहायला आले. सोमवारपासून सुजाता पुन्हा नोकरीवर जाणार, म्हणजे ओवीची शाळा सुटल्यापासून आमच्यापैकी कुणी येईपर्यंत ती आणि आबा घरात दोघंच. या विचाराने माझी झोप उडाली आहे. आबा आता मऊ झालेत असं सगळे म्हणतात. मला त्यांचा हात तेवढाच मोठा दिसतो.

काल ओवी अर्धी खिचडी टाकून हॉलभर पळत होती. स्टुलाला धक्का लागला आणि आबांचा नवा चष्मा फरशीवर पडून फुटला.

"कुनी पाडला ह्यो?" आबा उठले.

आवाज तोच, गावच्या घरातला. चाळिशी उलटलेला बाप्या मी, पण मध्ये जाऊन उभं राहावं हे सुचलंच नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "ओवी, पळ, ताटावर बस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पण माझं पोट भरलंय, बाबा." मग आबांकडे वळली. "आजोबा, माझ्याकडून पडला. सॉरी. हलू नका, काचा आहेत."

आबा माझ्याकडे बघत होते. हळूच सोफ्यावर टेकले.

"म्हंजे तुला भूक नसायची व्हय रं?" ते म्हणाले. "मी तर गावभर सांगायचो, माझ्या लेकरास्नी खायाला कमी पडू देत न्हाई."

खरं सांगतो ताई, राग आला नाही, रडूही आलं नाही. भीती होती तशीच आहे, आणि सोमवारी कंपनीत गेल्यावरही ती असेल. पण घर कशाला म्हणायचं ते काल मला दिसलं. "माझ्याकडून पडला" असं तू किंवा मी गावच्या घरात एकदा तरी म्हणालो होतो का? माझ्या मुलीने ते आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि झाडू आणायला आत गेली.