भोंग्यावरची नावं

बीडच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभे राहून आप्पा म्हणाले, "तिकडं कुणी इचारलं तर ताठ मानेनं सांग, आमच्या गावचा सभामंडप लोकांनी मनानं बांधलाय." आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हाही सरपंच होते. लेकीला परदेशी धाडतोय म्हणून त्यांनी भेटेल त्याला चहा पाजला. मी रडत होते आणि मनातून फुगलेही होते.

आता लिस्बनला पोर्तुगीज साहित्य शिकते. बुटक्या कपातली कडू कॉफी, ट्रामचा पास, ज्वारीच्या पिठासाठी तीन मेट्रो स्टेशनं पालथी. या सेमिस्टरला एक कादंबरी आहे. राजाच्या हुकमावरून डोंगरातून दगड ओढणारी माणसं, आणि आजारी नवऱ्याच्या जागी रांगेत उभी राहिलेली त्याची बायको. मी वर्गात छाती काढून म्हणाले, आमच्याकडं असं नव्हतं. मी दहा वर्षांची असताना मारुतीपुढचा मंडप श्रमदानातून झाला. रोज संध्याकाळी आप्पा यादी द्यायचे आणि कामावर आलेल्यांची नावं देवळाच्या भोंग्यावर मी वाचायचे. तो मान माझा! मॅडम म्हणाल्या, यावर निबंध लिही.

चार गोष्टी विचारायला सुलूला फोन लावला. सुलू माझी शाळेतली मैत्रीण, आता गावातच अंगणवाडी चालवते. माझं ऐकून ती म्हणाली,

"तुला खरंच ठावं न्हाई? अगं, ज्याचं नाव भोंग्यावर येत न्हाई, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी टँकरचं पाणी न्हाई. बाबा तापानं पडलता तवा आई पंधरा दिस त्याच्या जागी दगड वाहायला गेली. नाव मातर तू बाबाचंच वाचलंस."

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या मोगऱ्याला मी रोज बादलीभर पाणी घालायचे.

आप्पांना विचारलं. त्यांना लाजसुद्धा वाटली नाही. "काम झालं का न्हाई? लोकांना वळण लावावं लागतं. तू कावून मनाला लावून घेतीस?" आता कळतं, यादी वाचायला पोरगीच का निवडली. लहान लेकरावर कोण चिडणार? मला फसवलं ते एक वेळ सोसलं असतं. त्यांनी माझ्याच आवाजानं गाव दाबलं आणि वर कौतुकानं मला नवा फ्रॉक शिवला.

आठवड्यानं त्यांचाच निरोप आला. मंडपाचा वाढदिवस आहे, तुझ्या आवाजात दोन शब्द पाठव, भोंग्यावर लावतो. मी रेकॉर्ड करून पाठवलं. त्यात सुलूच्या आईचं नाव होतं, कौसाबाई, आणि पुढं फक्त "हजर". पंधरा दिवसांचं पंधरा वेळा वाचलं.

आप्पांनी ते लावलं नाही. तेव्हापासून माझा फोनही घेत नाहीत.

सुलूने मात्र मोबाइलवर आईला ऐकवलं. कौसामावशीने भाकरी थापत शेवटपर्यंत ऐकलं, म्हणे, आणि एवढंच बोलली, "आता वाचून काय करू बाई? तवा वाचायचं व्हतं."

इथं कुणी घर विचारलं की पूर्वी मी तो मंडप दाखवायचे, मोबाइलमध्ये फोटो होता. तो मी काढून टाकलाय. घर म्हटलं की आता मावशीचा ओटा दिसतो. कधी गेलेच तिथं, तर रीतीप्रमाणे ती आधी पाण्याचा तांब्या पुढं करील. तो हातात घ्यायची हिंमत माझ्यात नाही.