फिनाईलचं घमेलं

अलीगंज वस्तीच्या मागे एक मियाँजी मांसासाठी रेडकं पाळत. गोठ्याच्या दारात फिनाईलच्या पाण्याचं घमेलं असे. त्यात पाय बुडवल्याशिवाय त्यांच्या सासऱ्यालाही प्रवेश नव्हता! बँकेच्या कामानं मी गेलो की मला तर ते भर गल्लीत सुनावायचे, "बैंकवाले साहब, आपके जूतों में बीमारी है!" मी झुकून सलाम ठोकायचो आणि पाय बुडवायचो.

लेकीच्या लग्नाच्या आठवड्यातच त्यांच्या गोठ्यात लाळखुरकत शिरली. रेडकं लाळ गाळत एकेक करून मेली. रोग कपड्यांवरूनही पसरतो, म्हणून मियाँजी गोठ्यातच राहिले. निकाहालाही गेले नाहीत.

पाठवणीच्या वेळी लेक रडत गोठ्याच्या दाराशी आली. आतून ते ओरडले, "वहीं रुक, बिटिया! तेरी ससुराल में भी भैंसें हैं."

मेंदीचे पाय तिनं घमेल्यात बुडवले आणि ती मागे फिरली.