हरवलेल्या स्कीचा दिवस

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. "वृंदा, मिलिंद गेला. सकाळीच," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं... आजार उन्हाळ्यापासून आम्हा सगळ्यांना माहीत होता, तिचं रडणं बहुतेक आधीच होऊन गेलं असावं. मी ट्रे कुठेतरी ठेवला आणि बाहेर सायकलस्टँडपाशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी लेकीला सांगितलं. तिला लहानपणी पहिल्यांदा स्कीवर उभं केलं ते मिलिंदने. "पण तो तर एकदम फिट होता," असं ती जर्मनमध्ये म्हणाली आणि खोलीचं दार लावून बसली. त्याला डोंगरावर पाहिलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

मिलिंद नागपूरचा. लुडविग्सहाफेनला रसायनशास्त्रज्ञ म्हणून आला तेव्हा मीही त्या बाजूलाच नोकरीला होते आणि जर्मनच्या क्लासात आम्ही एका बाकावर बसायचो. पहिल्याच दिवशी त्याने मला "काय लिहून राहिली तू?" असं विचारलं आणि मी त्याचं वाक्य सुधारलं. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं मी ते सुधारत राहिले आणि तो मुद्दाम तसंच बोलत राहिला. उन्हाळ्यात अंगणात पाणी मारून उघड्यावर खाटा टाकणाऱ्या घरातला हा मुलगा, पण बर्फ पाहिला की वेडा व्हायचा. तिशी उलटल्यावर स्कीइंग शिकला आणि मग आम्हालाही शिकवलं. आम्हाला म्हणजे मला, आणि हेर्त्सोगेनआउराखला राहणाऱ्या श्रीकांत-मेघना या जोडप्याला. त्याची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. "घाबरू नकोस" असं तो कधीच म्हणायचा नाही. "घाबर ना, पोटभर घाबर, फक्त गुडघे वाकव," असं म्हणायचा. दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार आम्ही चौघं आल्गॉयच्या डोंगरात भेटायचो. त्याची बायको प्रज्ञा मात्र कधी आली नाही. थंडीवारा सोसून मुद्दाम पडायला जाणारी माणसं तिला समजायचीच नाहीत.

मिलिंदचा जीव होता तो पावडरवर. रात्रभर पडलेला, अजून कुणी न तुडवलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ, त्याला स्कीवाले पावडर म्हणतात. असा दिवस हिवाळ्यातून एखादाच नशिबी येतो. नोव्हेंबर लागला की हा माणूस रोज उठून डोंगरावरच्या वेबकॅमचे फोटो आमच्या ग्रुपवर टाकायचा, खाली "येऊन राहिला, येऊन राहिला" असं लिहून. पावडरच्या दिवशी कोणी कोणासाठी थांबायचं नाही असा स्कीवाल्यांचा एक अलिखित कायदा आहे. मिलिंद तो आम्हाला दर वर्षी मोठ्या गांभीर्याने ऐकवायचा. "आज पडली तर तू आणि तुझा देव. मी तर देवही मानत नाही, मला हाक मारू नको."

गेल्या हिवाळ्यात तो दिवस आला. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं. वर नेणाऱ्या गोंडोल्यात आम्ही तिघं पोरांसारखे खिदळत होतो, मिलिंद काचेला टेकून शांत बसला होता. आनंद जास्त झाला की माणूस गप्प होतो, असं मी मनाशी म्हटलं. आखलेल्या दोन मार्गांच्या मधे एक रुंद उतार होता, त्यावर एकही रेघ उमटली नव्हती. श्रीकांत-मेघना ओरडत खाली गेले. मिलिंदने दोन वळणं घेतली आणि थांबला. "फोटो काढतो, तू हो पुढे," म्हणाला. मी पुढे झाले ती थेट तोंडावर आपटले आणि घसरत बरीच खाली गेले. डोळ्यांतला बर्फ पुसून पाहते तर एका पायात स्की आहे, दुसऱ्या पायात नुसताच बूट. अशा बर्फात सुटलेली स्की आत शिरते आणि वर काही खूणच राहत नाही.

मिलिंद सावकाश खाली सरकत मी पडले त्या जागी आला, हातातली काठी इथे-तिथे खुपसली आणि तिथेच उभा राहिला. मला वाटलं, आता कायदा पाळून निघून जाईल. त्याने खालच्या दोघांना हात हलवून "जा, जा" अशी खूण केली आणि मला म्हणाला, "तू खाली शोध, मी इथून सांगतो." मग सुरू झाली आमची शोधमोहीम. मी चार पायांवर बर्फ उकरतेय आणि हा महाराज वर काठ्यांवर रेलून हुकूम सोडतोय. "डावीकडे... अजून थोडी खाली... काय करून राहिली, नीट खण ना!" एकदा एक म्हातारे बव्हेरियन आजोबा थांबले. "वर बघा, स्की नेहमी पडल्या जागेच्या वर सापडते," असं त्यांनी काठीने दाखवून सांगितलं. मिलिंदने अगदी अदबीने "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान डोलावली. आजोबा दिसेनासे झाल्यावर मला म्हणाला, "त्यांना काय समजते? तू खालीच पाहा." माझा गुरू तो, मी खालीच पाहिलं.

शेवटी दमून मी वर चढले आणि त्याच्या शेजारी सॅकवर बसले. त्याने पोळी आणि ठेच्याचा डबा काढला. खालून मधूनच मेघनाची आरोळी ऐकू यायची, एरवी काही नाही. "ऐक," तो म्हणाला, "ताजा बर्फ आवाज पिऊन टाकते." तोही जागच्या जागी टेकला. मग तो आईबद्दल बोलला. ती लुडविग्सहाफेनला आली होती तेव्हा तिने खिडकीतला बर्फ स्टीलच्या पेल्यात दाबून भरला, त्यावर खसचं सरबत ओतलं आणि जर्मनीत येऊन गोळा खाल्ला म्हणून नागपूरला फोन करून सगळ्यांना सांगितलं. मीही बोलले. पुण्याला परत जावं की इथेच राहावं, हे माझं कित्येक महिन्यांचं घोळत पडलेलं दुखणं त्याला सांगितलं. नवऱ्यालाही इतकं सरळ सांगितलं नव्हतं. त्याने सल्ला दिला नाही. "आज नको ठरवू. आज तुझ्याकडे स्कीच एक आहे," एवढंच म्हणाला. उन्हं कलायला लागली तसा उठला, "इथे पाहू का एकदा" म्हणत वाकला आणि स्की ओढून काढली. मी टाळ्या वाजवल्या. माझा गुडघा दमला असेल असं त्यानेच परस्पर ठरवलं आणि आम्ही मधल्या स्टेशनवरून गोंडोल्यानेच खाली आलो.

उन्हाळ्यात त्याने फोन करून आजाराचं सांगितलं. फुप्फुसं. तेव्हापासून तो दिवस माझ्या मनातून जाईना. ज्या बर्फाची तो वर्षभर वाट पाहायचा, तो त्याला शेवटचा मिळाला आणि माझ्या वेंधळेपणापायी त्याने तो उभ्याउभ्या घालवला. भेटायला गेले की बोलायचं ठरवायचे, पण त्याच्या नाकाला लावलेली ती ऑक्सिजनची नळी पाहिली की ऑफिसच्या गप्पा सांगून परत यायचे.

त्याच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे लुडविग्सहाफेनच्या घरी जमलो. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं, दोघा-चौघांनी आठवणी सांगितल्या. श्रीकांतही बोलला. गेल्या वर्षीच्या त्या बर्फाचं त्याने भरभरून वर्णन केलं आणि शेवटी म्हणाला, "वाईट एवढंच वाटतं, की त्या दिवशी मिलिंदला एकदाही नीट खाली येता आलं नाही." बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. प्रज्ञा चहा टाकत होती. मी तिला म्हटलं, "प्रज्ञा, त्याचा तो दिवस मी खाल्ला गं." आणि जे इतके महिने धरून ठेवलं होतं ते तिथे ओट्यापाशी सुटलं.

प्रज्ञाने गॅस बारीक केला. "कोणता, स्कीचा? अगं, ती स्की त्याच्या पायाखालीच होती."

मला काही समजेना. मग तिने सगळं सांगितलं. आजाराचं निदान जानेवारीतच, डोंगरावर येण्याआधी, झालं होतं. तिने नको म्हटलं तरी, नुसता बर्फ पाहून येतो, म्हणून तो आला. दोन वळणांतच धाप लागली. आता खाली कसं जायचं आणि आम्हाला काय सांगायचं, या विचारात उभा होता, तेवढ्यात मी पडले. "काठी खुपसल्याबरोबर त्याला स्की लागली. तो तिच्यावर जाऊन उभा राहिला. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सगळे तोंडं पाडून त्याच्यामागे खाली उतरला असता. ते त्याला नको होतं." ती हसायला लागली, डोळे भरलेले तसेच. "घरी आला तर सोफ्यावर पोट धरून हसत होता. म्हणे, पुण्याची बाई पहिल्यांदाच मी सांगतो तिथे खणून राहिली होती. आणि मग म्हणाला... वृंदा पडली म्हणून मला आजचा दिवस मिळाला."

मला त्याचा इतका राग आला की समोर असता तर मी त्याला चांगलं बदडलं असतं. मग मीही हसले. बोटं बधिर होईपर्यंत मी तो डोंगर उकरत होते, आणि तो सबंध दिवस हा माणूस ऊन खात, आईच्या गोष्टी सांगत, माझं ऐकून घेत, श्वास पुरवून पुरवून वापरत सुखाने त्या स्कीवर ठाण मांडून होता. श्रीकांतला मी त्या दिवशी काही बोलले नाही. हे वाचल्यावरच त्याला कळेल. आयुष्यात मी मित्रांसाठी मुद्दाम म्हणून जे काही केलं त्यातलं काय कुणाच्या उपयोगी पडलं, देव जाणे. मिलिंदच्या उपयोगी मी पडले ती तोंडावर पडून, आणि ते त्याने प्रज्ञाजवळ सांगून ठेवलं म्हणून मी त्याची जन्मभर ऋणी आहे.