बुजगावण्याच्या अंगातलं जॅकेट

पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हिवरखेडकडून अकोल्याला येणाऱ्या रस्त्यावरचं ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मरण पावलेला माणूस फुलशेती करणारा होता. झेंडू, शेवंतीचे भारे मोटारसायकलला बांधून तो पहाटे अंधारातच अकोल्याच्या बाजाराला निघायचा. त्या दिवशी मागून आलेल्या मोठ्या गाडीनं त्याला उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं. रस्ताभर झेंडू सांडला होता आणि तो बाजूच्या चारीत पडला होता. अंगात काळपट शर्ट, काळी पँट. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

गाडीवाला दुपारी स्वतःच ठाण्यात आला, सोबत वकील घेऊन. तालुक्यातला वजनदार ठेकेदार. गाडीत त्याचा एक मित्रही होता. ठेकेदारानं जबाब दिला की मोटारसायकलचा मागचा दिवा बंद होता, अंगात काळे कपडे होते, त्यामुळे माणूस दिसलाच नाही. घाबरून आपण थांबलो नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि तो जामिनावर घरी गेला. ठाण्यातले काहीजण म्हणाले, चूक मरणाऱ्याचीच. चहाच्या टपरीवरही तेच.

मयताची बायको जबाबाला आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण बोलणं सरळ होतं. ती म्हणाली, "साहेब, त्याईच्या अंगात रेडियमचं जॅकेट होतं. मीच चेन लावून देली. ते कुठी गेलं?"

पंचनाम्यात जॅकेट नव्हतं. मी माणसं पाठवून चारी, काटेरी झुडपं, आजूबाजूची शेतं पुन्हा बघायला लावली. काही मिळालं नाही. वरून मला विचारणा झाली की साध्या अपघाताचा एवढा कीस कशाला काढता. दुःखात बाई काहीही बोलते, असंही एकानं सुनावलं. तिच्या बोलण्यात मला खोट दिसत नव्हती. मी कागद बंद केले नाहीत.

खबर आली ती एका एसटी ड्रायव्हरकडून. आमच्या हवालदाराशी चहा पिताना तो सहज बोलून गेला की अकोल्याकडे बरंच पुढे वळणावरच्या एका शेतातलं बुजगावणं गाडीच्या उजेडात असं चमकतं की माणूस समजून पाय ब्रेकवर जातो. हवालदार हुशार. चहा अर्धा टाकून तो माझ्याकडे आला.

आम्ही गेलो. बुजगावण्याच्या अंगात जॅकेट होतं. शेतकऱ्यानं सांगितलं की रस्त्याकडेच्या नाल्यात सापडलं, रानडुकरं बुजतील म्हणून घातलं. पाठीवरचे डाग त्याला चिखलाचे वाटले होते. जॅकेट पुढून कुठेच फाटलेलं नव्हतं, चेन व्यवस्थित उघडलेली. अपघाताच्या जागेपासून ते इतकं दूर वाऱ्यानं येणं शक्य नव्हतं.

बाईला ओळख पटवायला बोलावलं. जुनी पट्टी फिकी पडली म्हणून तिनं पाठीवर नवी पट्टी शिवली होती, हार ओवायच्या जाड दोऱ्यानं. त्या टाक्यांवरून बोट फिरवत ती खालीच बसली.

ठेकेदाराला पुन्हा बोलावलं. वकिलाच्या आडून तो तेच तेच बोलत राहिला. मित्राला मी वेगळ्या खोलीत बसवलं. माझा अनुभव असा की गुन्हा करणाऱ्यापेक्षा त्याचं ऐकणारा लवकर ढासळतो. मी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच लावला. पंचांसमोर जप्त केलेलं जॅकेट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी काढलं?"

त्यानं जॅकेट स्वतःपासून लांब सरकवलं. मग म्हणाला, "मी काढलं, साहेब. त्यानं सांगतलं म्हून."

मग सगळंच बाहेर आलं. ठेकेदार मोबाईलवर बोलत होता. पुढच्या मोटारसायकलवाल्याचं जॅकेट लांबूनच चमकत होतं, मित्रानं त्याला सांगितलंही होतं. धडक बसल्यावर दोघं खाली उतरले. फुलवाला जिवंत होता, पाणी मागत होता. जॅकेट राहिलं तर माणूस दिसला नाही असं म्हणता येणार नाही, हे ठेकेदाराच्या तेवढ्यातही लक्षात आलं. त्यानं ते काढायला लावलं आणि पुढे वाटेत नाल्यात फेकलं.

"बाही निघत नव्हती," मित्र म्हणाला. "तं त्यानंच हात वर केला, साहेब. त्याले वाटलं, आमी मदत करून राहिलो."

मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. आत राहिलो असतो तर वर्दी विसरलो असतो. दवाखाना गाडीनं फार लांब नव्हता.

सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करण्याची कलमं वाढवली. मित्र कोर्टात जबाबावर टिकला, दोघांनाही शिक्षा झाली. मला ती कमीच वाटली. निकालानंतर बाई भेटली. मला वाटलं, समाधान झालं असेल. तिनं एवढंच विचारलं, "त्याईनं हात वर केला, तवा बी याईले काईच नाही वाटलं, काहून?"



या प्रकरणानं मला शिकवलं की रात्रीच्या रस्त्यावर सावध माणूसही दुसऱ्याच्या माणुसकीवर जगतो. तरी भेटेल त्या मोटारसायकलवाल्याला मी सांगतो, अंधारात निघालास तर रेडियमचं जॅकेट घाल. बघणारे पुष्कळ असतात आणि ते वेग कमी करतात. चारचाकीवाल्यांना सांगायची वेळ आली की मात्र माझा आवाज चढतो. बायको म्हणते, आता तरी शांत व्हा. मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला व्हायचंही नाही.