गोलपोस्टपाशी न्हाणीघर

कंडक्टरबाईंनी बसची नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी शेजारीपाजारी त्यांना कंडक्टरबाईच म्हणत. आवाज अजून तसाच खणखणीत होता. त्या आवाजाच्या जोरावरच त्यांना नव्या स्टेडियममध्ये पाहुण्यांना फिरवून आणायचं काम मिळालं.

हे स्टेडियम एका मोठ्या स्पर्धेसाठी बांधलं होतं. ठरला होता त्याच्या तिप्पट खर्च झाला, स्पर्धा महिनाभरात आटोपली आणि साठ हजार खुर्च्या मागे राहिल्या. शहराच्या संघाचा सामना बघायला दोन-तीनशे माणसं येत आणि एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसत. पण हिरवळीला पाणी रोज हवं, सरकत्या छपराला वंगण हवं, लिफ्टला माणूस हवा. मॅनेजर बिचारे सरळ गृहस्थ. हा पांढरा हत्ती पोसायचा कसा, या काळजीने त्यांच्या डोक्यावरचे केस गेले. शेवटी तिकीट लावून लोकांना स्टेडियम दाखवायचं त्यांनी ठरवलं.

काय बोलायचं ते त्यांनी बाईंकडून पाठ करून घेतलं. छपराचं वजन, दिव्यांची संख्या, कोणत्या देशाचा संगमरवर. पहिल्याच दिवशी लोक जांभया द्यायला लागले. पेंगणाऱ्या प्रवाशांना उठवण्यात हयात घालवलेल्या बाईंना ते बघवेना. त्या गोलपोस्टपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही जिथे उभे आहात ना, ते आमचं न्हाणीघर."

सगळे पटकन पायाखाली बघायला लागले. गोष्ट खरी होती. स्टेडियमच्या आधी तिथे वस्ती होती, आणि त्या वस्तीत बाईंचं घर. ते पाडलं तेव्हा त्यांना पाचव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. बाई रुळल्या, पण सासूबाईंनी मात्र स्टेडियमचं तोंड बघणार नाही असं जाहीर केलं होतं. "माझ्या स्वयंपाकघरात लोक चेंडू लाथाडणार आणि मी टाळ्या वाजवू?"

बाईंच्या न्हाणीघराची कीर्ती पसरली आणि तिकिटं खपायला लागली. मॅनेजरच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, उद्या दुसऱ्या शहराच्या नगराध्यक्षा येतायत. त्यांनाही असंच स्टेडियम बांधायचंय. तेवढं न्हाणीघर काढा मधून."

"ते तुम्ही लोकांनी कधीच काढलंत, साहेब. मी आणखी काय काढू?"

मॅनेजरना हसू आलं, पण वरून हुकूम होता, फक्त चांगलं बोला. बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई निघायला लागल्या तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"आई, तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर. शेजारीण म्हणते, तू न्हाणीघर गोलपोस्टपाशी दाखवतेस. लोकांना वाट्टेल ते काय सांगतेस? तिथे तर माझी पाण्याची टाकी होती."

नगराध्यक्षा आल्या. बाई छपराचं वजन सांगत होत्या, आणि सासूबाई काठी टेकत मैदानावर काहीतरी शोधत होत्या. अखेर एका जागी थांबून त्यांनी हाक मारली, "हे बघ, सूनबाई. न्हाणीघर इथे. तू चार पावलं चुकतेस."

"आई, टाकी भिंतीला लागून होती. मग न्हाणीघर एवढं लांब कसं जाईल?"

छपराचं वजन हवेतच राहिलं. दोघींचा वाद असा रंगला की नगराध्यक्षांनी स्वतः पावलं मोजून पाहिली. मग सासूबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "एवढे सगळे गावाला गेलेत का?"

नगराध्यक्षा मॅनेजरकडे वळल्या. "खरं सांगा. परवडतं का तुम्हाला हे?"

मॅनेजरनी टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाही, मॅडम. नाकापेक्षा मोती जड झालाय. छप्पर दोनदाच उघडलं. तिसऱ्यांदा उघडायचं म्हटलं तर तिजोरी उघडावी लागते." एकदा तोंड फुटल्यावर ते थांबेचनात. वीज, पाणी, गळके नळ, सगळं बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा सर्दी मोकळी झाल्यासारखा दिसत होता.

वरिष्ठांनी त्यांना झापायचं ते झापलंच. पण त्या दिवसापासून बाईंना कोणी अडवलं नाही. रविवारी सासूबाईही येऊ लागल्या. न्हाणीघर नेमकं कुठे होतं, हे बघणारेच मत देऊन ठरवायचे, आणि बहुतेक वेळा सासूबाई जिंकायच्या. तेवढ्या तिकिटांवर अख्खा हत्ती पोसला जाणं शक्य नव्हतं, पण हिरवळीच्या पाण्याचा खर्च सुटायचा. बंद पडलेल्या दालनांत शाळेचे वर्गही भरायला लागले.

नगराध्यक्षांनी आपल्या शहरात कोणाचं घर न पाडता, मोकळ्या माळावर छोटंसं मैदान केलं. बसायला मातीच्या उतारावर पायऱ्या आणि छपराऐवजी झाडं. पहिल्या सामन्याला त्यांनी तिघांना आग्रहाने बोलावलं. मॅनेजर नवी टोपी घालून आले. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंना कोणीतरी सरकून जागा करून दिली. खेळ त्यांना कळत नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गोलला त्या सारख्याच टाळ्या वाजवत राहिल्या, आणि त्यांचं बघून पुढच्या दोन ओळीही.