सतराव्या खांबावरचं साल

हॅमिल्टनजवळच्या त्या पार्कातला लाकडी रोलर कोस्टर माझ्या वडिलांहून जुना होता. त्यातलं मूळचं लाकूड आता थोडंच उरलं होतं. कुजलेलं काढायचं, नवं बसवायचं आणि त्यावर पेन्सिलीने साल लिहायचं, ही तिथल्या सुतारांची पद्धत.

त्या वर्षी शेवटचं वळण नव्याने आखलं होतं. गाडी तिथे जास्त तिरकी होणार, म्हणजे खालच्या खांबांवर भारही वाढणार. ते चाळीस खांब तपासायचं काम मला मिळालं. माझे वडील सुतार आहेत, लाकूड ठोकून, आवाजावरून ते आतून कुजलंय का हे ओळखायला त्यांनीच शिकवलं, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

सोमवारी वाळूची पोती भरून गाडीची चाचणी होती. माझ्या हातात तपासणीचा कागद होता आणि मला सतरा नंबरच्या टिकवरून नजर काढता येत नव्हती. शुक्रवारी तपासताना वारा फार होता, त्या खांबाचा आवाज मला ऐकूच आला नव्हता. पण त्यावर मागच्याच वर्षाचं साल होतं. नवा आहे, असं समजून मी टिक केली होती.

गाडी साखळीच्या ओढीने चढण चढू लागली. तिथला म्हातारा सुतार नेहमीसारखा लाकडाची करकर ऐकायला वळणाखाली जाऊन उभा राहिला.

आमच्या इंजिनीअर मूळच्या पुण्याच्या. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही.

“ताई, गाडी थांबवता का?”

त्यांनी आधी वॉकीटॉकीवर गाडी थांबवली, मग माझ्याकडे वळल्या. “बोल.”

“सतरा नंबर. मी टिक केलंय, पण ऐकलं नव्हतं.”

आम्ही खाली गेलो. सुताराने मला हातोडी दिली. “दाखव तुझ्या बाबांची विद्या,” तो इंग्रजीत म्हणाला.

वरच्या बाजूला आवाज खणखणीत आला. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बद्द.

“साल मीच लिहिलंय,” तो म्हणाला. “पण खांबाला जोडलेल्या या जोडफळीचं. खांब जुनाच आहे.”

त्याने ड्रिल लावलं. आधी कोरडा भुसा आला, मग काळा, ओला. त्याने तो बोटांत चुरडला. “मी दर वेळी इथेच उभा राहतो,” एवढंच म्हणाला.

ताईंनी माझा कागद मागून घेतला. “बाकीचे एकोणचाळीस?”

“ते ऐकलेत, ताई.”

“मला कसं कळणार?”

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चाचणी रद्द केली आणि मला कोरा कागद दिला. “एक नंबरपासून. तू ठोक, मीही ऐकते.”

पहिल्या खांबावर मी हातोडी मारली. आवाज चांगला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस? तू सांग.”

मी वाकले, खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर पुन्हा ठोकलं, आणि मगच पेनाचं टोपण काढलं.